खंडेनवमीचा विसावा

मला तोंड नाही, दार आहे. जुन्या उत्तरपत्रिका आत कोंबल्यापासून ते कुणी उघडलेलं नाही. तरी बोलून घेतो, कारण निर्लेखनाच्या यादीत माझं नाव तिसरं आहे आणि भंगारवाला कधीही येईल.

मी एक फ्रीजर आहे. घरातला नव्हे. घरातला फ्रीज कालची आमटी आणि अर्धं लिंबू सांभाळतो. माझं काम शून्याखाली ऐंशी अंश थंडी राखण्याचं होतं. माझ्यात हात घालायचा तर जाड हातमोजे लागत, आणि आतली वस्तू बाहेर काढली की तिच्यातून वाफ निघे. शहापुरात असा मी एकटाच होतो. त्याचा शहापूरला पत्ता नव्हता, हे वेगळं.

जन्म परदेशातला. तिथलं आठवतं ते एवढंच, की माझ्या पाठीवर कुणीतरी नंबर ठोकला. पुढची नऊ वर्षं मुंबईत एका औषध कंपनीत गेली. माझ्यात काय ठेवलंय ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. नोकरी अशीच करायची असते. मग तिथे आवाज न करणारा नवा फ्रीजर आला आणि मला शहापूरच्या कॉलेजला दान करण्यात आलं. दात्याच्या नावाची पितळी पाटी माझ्या दारावर बसवली. ती बसवताना चार भोकं पाडली, त्यात दाराचं रबर सैल पडलं. पाटी अजून चकचकीत आहे.

प्रयोगशाळेच्या दारातून मी आत जाईना, म्हणून चौकट काढावी लागली. ती परत बसवण्याचा प्रस्ताव आठ वर्षं विचाराधीन आहे.

ज्यांच्यासाठी मला आणलं त्या डॉ. समीक्षा धानके. मुरबाड तालुक्यातल्या भातशेतकऱ्याची मुलगी. विषाणू आणि श्वासनलिकेची सूज या विषयात पुण्यात डॉक्टरेट केली, तीन वर्षं परदेशात काढली आणि परत येऊन शहापूरच्या कॉलेजात शिकवायला लागल्या. तिकडे काहीतरी बिनसलं असणार, असं स्टाफरूमने ठरवून टाकलं. शिकलेला माणूस आपण होऊन गावाकडे परततो, हे कुणाला पटण्यासारखं नव्हतंच.

वर्गाला वेगळी खोली नव्हती, त्यामुळे मॅडमचे तास माझ्यासमोरच होत. मी सहा वर्षांत जे शिकलो ते पाठीमागच्या बाकावरच्या कुणी शिकलं असेल असं वाटत नाही. मॅडम फळ्यावर एक नळी काढत. म्हणत, हा श्वासाचा रस्ता. आतून मऊ अस्तर. सर्दीचा विषाणू या अस्तरात शिरला की शरीर तिथे बंदोबस्त पाठवतं, त्यालाच आपण सूज म्हणतो. बंदोबस्त हवाच. पण अरुंद गल्लीत लग्नाचा मांडव घातला, तर जायला वाट उरते का? लहान मुलाची श्वासनलिका ही अशी गल्ली. मग छातीतून शिट्टी वाजते.

त्यांना स्वतःला छळणारा प्रश्न याच्या पुढचा होता. एकाच पाड्यावर, एकच सर्दी दहा मुलांना होते. आठ मुलं नाक पुसून खेळायला पळतात आणि दोघांची छाती वाजायला लागते. तेच दोघे का?

मॅडमचा धाकटा भाऊ शेखर सात वर्षांचा होऊन गेला. कागदावर न्यूमोनिया लिहिलं होतं. मॅडमना आठवत होतं ते निराळं. दर उन्हाळ्यात राब भाजताना तो आईच्या पाठोपाठ शेतावर असायचा. या भागात भाताचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा, गवत, शेण पसरून पेटवतात, तो राब. दोन महिने सगळा तालुका धुरात असतो. आणि पावसाच्या तोंडाला सर्दी आली की शेखरची छाती वाजायची. मॅडमचा अंदाज असा, की धुराने मुलांचं अस्तर आधीच सुजून बसतं. विषाणू नंतर येतो आणि उरलेली वाट बंद करतो.

अंदाजाला कुणी किंमत देत नाही. म्हणून मॅडमनी शहापूर आणि मुरबाडच्या पाड्यांवरची दोनशे बारा मुलं निवडली. राबाच्या आधी, राबाच्या नंतर आणि सर्दी झाली की, असा तीनदा त्यांच्या नाकातला नमुना घ्यायचा. सहा वर्षं. नमुने तपासायला लागणारी मंजुरी येईपर्यंत सांभाळायचे कुणी? मी.

नमुने घेणं सोपं नव्हतं. वैशाखरे गावाच्या वरच्या पाड्यावरची जिवली नावाची एक आई काय म्हणाली, ते मॅडम वर्गात हसत हसत सांगायच्या.

"नाकात काडी घालून तुला काय गावतं गो बाय?"

मॅडम म्हणाल्या, "सर्दी कुणाची हाय ती गावते."

"मग माजीच हाय सांग. पोराचं नाक सोड."

तरी जिवलीने पोराला धरून ठेवलं. सगळ्यांनीच धरलं, कारण ही बाई त्यांच्यासारखं बोलायची आणि दरवर्षी परत यायची. सर्वेक्षण करणारी माणसं एकदाच येतात, हा त्यांचा अनुभव. मॅडम त्यांना सांगून यायच्या, की खात्री होईपर्यंत राबाच्या दिवसांत लेकरांना शेतापासून लांब ठेवा. पुष्कळांनी ठेवलंही.

मधे ती मोठी साथ आली. दोन वर्षं विषाणू हा शब्द पानवाल्याच्याही तोंडी होता आणि मॅडमना भाषणाला बोलावणी येत. साथ ओसरली, बोलावणी थांबली. मी घरघरत राहिलो.

माझी देखभाल विठूमामांकडे होती. प्रयोगशाळेचे परिचर. मूळ वैशाखऱ्याचे. रोज सकाळ-संध्याकाळ माझ्या कपाळावरचा आकडा वाचून तापमानाच्या वहीत लिहायचा, हे त्यांचं काम. पहिल्या वर्षी तपासणीला आलेल्या साहेबांनी वहीवर शेरा मारला होता: रविवारच्या चौकटी रिकाम्या, खुलासा करावा. विठूमामांनी आयुष्यात कुणाला खुलासा केला नव्हता. त्यांनी सोपा मार्ग काढला. सुट्टीच्या दिवशी मी किती थंड असणार, ते आदल्या दिवशीच लिहून ठेवायला लागले. सहा वर्षं मी त्यांना खोटं पाडलं नाही. पुढच्या तपासणीत वहीला उत्कृष्ट शेरा मिळाला.

त्या दोनशे बारांत विठूमामांची नात होती, काजल. अंगाने काडी. दर पावसाळ्यात तिची छाती वाजे, आणि विठूमामा सकाळी माझ्याजवळ आले की त्यांचा चेहरा बघून मला तिची रात्र कशी गेली ते कळे. नमुन्यांवर नावं नसतात, नंबर असतात. पण नातीचा नंबर एकशे सतरा, हे त्यांना पाठ होतं. माझ्या दारावर हात ठेवून ते एकदा म्हणाले होते, "तुज्या पोटात हाय सगला जबाब. नीट ठेव, बाबा."

नीट ठेवत होतो.

सहाव्या वर्षी श्रावणात काजलला दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. दुसऱ्या वेळी ऑक्सिजन लावला. दसरा जवळ आला तेव्हा त्यांचा मेहुणा गणू त्यांना भेटायला कॉलेजात आला. गणूची वैशाखऱ्यात भातगिरणी आहे. खंडेनवमीला तो गिरणी धुऊन-पुसून बंद ठेवतो, पूजा करतो. त्या दिवशी पट्टा फिरत नाही. विठूमामा दरवर्षी मला फूल वाहतात हे ऐकून त्याने विचारलं, "बंद करतोस ना?"

विठूमामा म्हणाले, हे बंद करायचं मशीन नाय.

"मग कसली पूजा? चालत्या मशिनीची पूजा लागू पडत नाय दाजी. बैलाला पोल्याला नांगराला जुंपतोस काय?"

विठूमामा माझ्या दारावर हात फिरवत राहिले. मी त्यांना बघत होतो. पाच वर्षं वाहिलेली पाच फुलं ते मनात मोजत असावेत, आणि दवाखान्याच्या त्या दोन खेपाही.

त्या वर्षी नवमी शुक्रवारी आली. शनिवारी दसरा, पाठोपाठ रविवार. मॅडम गुरुवारीच पुण्याला गेल्या होत्या. मंजुरी आली होती. सहा वर्षांचे नमुने तपासायला तिथली प्रयोगशाळा तयार झाली होती आणि त्या बोलणी करायला गेल्या होत्या.

शुक्रवारी सकाळी विठूमामा अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून आले. मी त्यांना धोतरात कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी बटण बंद केलं. मी ओरडलो, तेवढी सोय माझ्यात आहे, थंडी कमी झाली की गजर वाजतो. गजर बंद कसा करायचा हे त्यांना मॅडमनीच शिकवलेलं.

"गप," ते म्हणाले. "सा वरसं एक दिस पाठ टेकली नाय तू. लय दमलास. तीन दिस सुट्टी हाय, तूबी विसावा घे."

मग त्यांनी सगळे खण बाहेर काढले. माझ्या अंगावरचा सहा वर्षांचा बर्फ गरम पाण्याच्या फडक्याने पुसला. एकेक डबी कोरडी केली आणि क्रम जराही न चुकवता परत लावली. एकशे सतराच्या डबीवर कुंकवाचं बोट टेकवलं. आत झेंडू ठेवला, पुढे नारळ फोडला. वास धरू नये म्हणून दार बोटभर उघडं ठेवलं. हात जोडले आणि बराच वेळ उभे राहिले. काय मागितलं ते सांगायला नको.

इतक्या मायेने मला कुणी कधी हात लावला नव्हता.

दुपारपर्यंत मी शून्यावर आलो. संध्याकाळी खोलीसारखा झालो. सहा वर्षं धरून ठेवलेलं एकेक सुटत गेलं. विषाणू म्हणजे काय, एक नाजूक चिठ्ठी. उबेत ती विरघळते. दोनशे बारा मुलांच्या चिठ्ठ्या तीन दिवस विरघळत होत्या. बाहेर मुलं आपट्याची पानं वाटत फिरत होती.

सोमवारी सकाळी विठूमामांनी मला चालू केलं, झेंडू काढला, ओलं पुसलं. दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या तेव्हा माझ्या कपाळावर उणे ऐंशी होतं. वहीतही तिन्ही दिवस उणे ऐंशी. गुरुवारीच लिहिलेलं.

नमुने पुण्याला पाठवायचे म्हणून मॅडम डब्या भरत होत्या, तेव्हा एकशे सतराची डबी त्यांच्या हातात आली. कुंकू बघून हसल्या. मग हसणं थांबलं. कुंकवाचा ठिपका गोल नव्हता. तो ओघळून झाकणाच्या कडेपर्यंत पसरला होता आणि तसाच गोठला होता. मॅडम डबी उजेडाकडे धरून बघत राहिल्या. बर्फात कुंकू पसरत नाही. पसरायला पाणी लागतं. आणखी अर्धं मिनिट त्या बघत राहिल्या असत्या तर कळलं असतं, असं मला अजून वाटतं. पण गाडी खाली उभी होती. त्यांनी स्पिरिटचा बोळा घेऊन कुंकू पुसलं आणि म्हणाल्या, "विठूमामा, पूजा बाहेरून करा हं. आत काही लावू नका." ते ओशाळून हो म्हणाले.

दोन महिन्यांनी निकाल आला. जवळजवळ सगळ्यांत काहीच नाही. छाती वाजणाऱ्यांत नाही, न वाजणाऱ्यांत नाही, राबाआधी नाही, राबानंतर नाही. खाली पुणेकरांनी एक ओळ लिहिली होती: नमुने मधे कधी वितळले होते काय, याची खात्री करावी.

मॅडमनी वही काढली. पहिल्या पानापासून बसल्या. एकही चौकट रिकामी नव्हती. मग विठूमामांना बोलावलं.

"विठूमामा, कधी वीज गेली होती का? जास्त वेळ?"

"नाय मॅडम. गेली की जनरेटर लावतो ना मी."

"नक्की?"

"काजलची शप्पथ. तुमच्या फ्रीजला मी कवाच वीज कमी पडू दिली नाय."

ते खोटं बोलले नाहीत. विजेचं विचारलं, विजेचं सांगितलं. तीन दिवस मुद्दाम बंद ठेवला होता का, असं मॅडमनी विचारलं नाही, कारण असा प्रश्न कुणाला सुचेल? आणि त्यांनी आपण होऊन सांगितलं नाही, कारण त्यांच्या लेखी ती बिघाडाची गोष्टच नव्हती. देवाचं केलेलं कुणी तक्रारीच्या वेळी सांगतं का? मी मात्र त्या दिवशी जीव तोडून घरघरलो. मॅडम म्हणाल्या, याचा कॉम्प्रेसर जातोय वाटतं.

पुढे त्यांनी जे केलं, ते दुसऱ्या कुणी केलं नसतं. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना त्या नेहमी सांगत, मला वाटतं म्हणून पुरावा बदलत नाही. आता तेच वाक्य स्वतःला लावलं. सगळ्या आकड्यांनिशी निबंध लिहिला: राबाचा धूर, विषाणू आणि श्वासनलिकेची सूज यांचा परस्परसंबंध या अभ्यासात आढळला नाही. तो छापून आला. एका स्थानिक वृत्तपत्राने बातमी केली: राबाचा धूर निर्दोष, शहापूरच्या प्राध्यापिकेचा निर्वाळा. आढळला नाही आणि नाहीच, यांत पुष्कळ अंतर आहे. पण मथळ्यात तेवढी जागा नसते.

ते कात्रण वैशाखऱ्याच्या ग्रामपंचायतीत काचेखाली लावलंय म्हणे.

पुढच्या मंजुऱ्या मिळाल्या नाहीत. उरलेले नमुने पिवळ्या पिशव्यांत घालून जाळायला पाठवले. मला बंद करून व्हरांड्यात आणलं. चौकट नव्हतीच, त्यामुळे बाहेर यायला त्रास झाला नाही. मॅडम अजून शिकवतात. खिडकीतून ऐकू येतं. फळ्यावर तीच नळी, तोच मांडव. फक्त धुराचा भाग आला की म्हणतात, "इथे आमचा अंदाज चुकला," आणि फळा पुसतात. एकदा तास संपल्यावर रिकाम्या वर्गात पुसलेल्या फळ्याकडे बघत बसल्या होत्या. मनात शेखर असेल. किंवा नसेलही. मला आतलं बघता येत नाही, माझ्या आतलं सगळ्यांनी बघितलं तरी.

आज दुपारी विठूमामा आले होते. या महिन्याअखेर ते निवृत्त होतायत. बरोबर काजल होती. अकरा वर्षांची झाली, पण दिसते आठची. तिने माझ्या दारावर टकटक केली.

"आज्या, माजं नाक यात व्हतं?"

"व्हतं. सा वरसं. लय सांभाललं त्यानं."

"मग काय गावलं?"

"काय नाय गावलं. बरंच झालं ना. मॅडमनी छापून दिलंय, राबाचा काय दोष नाय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सा वरसं हिला शेतावर नेली नाय मी. धुराच्या भ्यानं. ही उगाच घरात कोंडून राह्यली. तू जबाब दिलास, सुटलो आमी."

काजल हसली. हसताना तिला दम लागला आणि तिच्या छातीतून बारीक शिट्टी आली. आत काही नसलं की भांड्यात आवाज घुमतो. माझ्यात कागद कोंबलेत, तरी अजून घुमतोय.

जाताना विठूमामांनी खिशातून झेंडूचं फूल काढून पितळी पाटीच्या खिळ्याला अडकवलं.

भंगारवाल्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्याने काढलेले पत्रे कुणाच्या तरी गोठ्यावर पडतील, म्हणजे दुभत्या जनावरांच्या उपयोगी पडेन. मॅडमकडेही मागायचं तर एकच, की त्यांनी वही पुन्हा एकदा काढावी आणि ते शुक्रवार, शनिवार, रविवारचे आकडे बघावेत. तिन्ही एकाच शाईने, एकाच हाताने, एका दमात लिहिलेत. आणि समोर दिनदर्शिका धरावी.

पण त्या आता ती वही काढणार नाहीत. तिच्यावर उत्कृष्ट असा शेरा आहे.

तेव्हा व्हरांड्यातून जाणाऱ्या कुणीही चालेल. विठूमामा पाचच्या गाडीने वैशाखऱ्याला गेले. नात बरोबर आहे. तिला पहिल्यांदाच शेतावर न्यायचं म्हणून ते खुशीत होते. कुणीतरी त्यांना गाठा.

उद्या सकाळी राब आहे.